माथेरानची कडेची वाट मातीचीच राहू द्या

माथेरानच्या बाजारपेठेतून दक्षिणेकडे चालू लागलं आणि अलेक्झांडर पॉइंटचा फाटा धरला, की दोन वळणांत दुकानांचा गलबला मागे पडतो. पुढे लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना अंजनी-जांभळाची गच्च झाडी आणि मधूनच उघडा पडणारा कडा. ही वाट रामबाग पॉइंटवरून चौक पॉइंटकडे जाते, वन ट्री हिलला वळसा घालते आणि पश्चिमेच्या कड्याने लॉर्ड पॉइंट, शार्लोट लेक, सेलिया, एको, लुइझा असे पॉइंट घेत पुन्हा गावात येते. निवांत चाललं तर अर्धा दिवस सहज जातो. एवढ्या वाटेवर एकही मोटार नाही, हॉर्न नाही, धूर नाही. आठवड्यातल्या मधल्या वारी गेलात तर तासतासभर माणूसही भेटत नाही. मुंबई-पुण्याच्या दरम्यान, नेरळ स्टेशनच्या डोक्यावर अशी वाट आज शिल्लक आहे. ती शिल्लक राहावी, आणि मातीचीच राहावी, यासाठी हे आवाहन आहे.

धोका कशाचा ते आधी सांगायला हवं. गेल्या काही वर्षांत माथेरानच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक आले. सुरुवात, गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्याहून गावात येणाऱ्या मुख्य रस्त्यापासून झाली आणि तिथे त्याला कारणही होतं. पण ब्लॉक एकदा आले की ते मुख्य रस्त्यावर थांबत नाहीत. एका पॉइंटकडे गेले की दुसऱ्या पॉइंटवाल्यांची मागणी येते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2023 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ब्लॉक बसवण्याचं काम थांबवलं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये दस्तुरी नाका ते छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्या मुख्य रस्त्यापुरती परवानगी दिली. आतल्या रस्त्यांवर आणि ट्रेकिंगच्या वाटांवर ब्लॉक नकोत, असं स्पष्टपणे बजावलं.

हा निर्णय फार मोलाचा आहे. पण न्यायालयाचा आदेश वाटेची डागडुजी करत नाही. चर बुजवणं, बांध घालणं, पाऊस संपल्यावर वाहून गेलेली माती पुन्हा आणून टाकणं हे काम कोणीतरी दरवर्षी करावं लागतं, आणि माझी खरी काळजी तिथे आहे. कडेच्या वाटेकडे दोन-चार पावसाळे कोणी पाहिलंच नाही, तर ती उखडेल, दगड उघडे पडतील, पर्यटक घसरतील. मग पुन्हा कोणीतरी उभं राहून म्हणेल की माती टिकत नाही, ब्लॉकशिवाय इलाज नाही. तेव्हा फोटो त्याच्या बाजूने बोलतील. वाट वाचवायची असेल तर ती मातीची असूनही चांगली राहते हे दरवर्षी करून दाखवावं लागेल.

माथेरानची माती ही साधी गोष्ट नाही. खाली सह्याद्रीचा काळा बेसाल्ट आणि वर जांभ्याची टोपी, अशी या डोंगराची रचना आहे. जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यात झिरपतं, खाली काळ्या दगडाला भिडतं आणि मग जिथे वाट मिळेल तिथून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. माथेरानमध्ये मॅलेट, हॅरिसन अशा साहेबांच्या नावांनी ओळखले जाणारे जुने झरे आहेत, ते सगळे या झिरपण्यावर जगतात. डोंगरावरच्या जंगलालाही उन्हाळ्यात तोच ओलावा पुरतो. वाटेवर सिमेंटचं काही अंथरलं की तेवढ्या पट्ट्यातलं पाणी मुरत नाही, ते वाहतं. आणि डोंगरावर वाहतं पाणी कधी सरळ स्वभावाचं नसतं.

एका पॉइंटच्या रस्त्यावर जिथे ब्लॉक संपतात आणि माती सुरू होते, ती जागा खाली बसून पाहा. ब्लॉकवरून वेगाने आलेलं पाणी शेवटच्या ओळीवरून खाली पडतं आणि बरोबर तिथे मातीत खड्डा पाडतं. त्या खड्ड्यातून कडेने एक चर निघतो, पहिल्या पावसाळ्यात वीतभर, पुढच्या पावसाळ्यात हातभर. चराच्या भिंतीतून अंजनीची मुळं बाहेर लोंबताना दिसतात, केसांसारखी बारीक आणि काही बोटाएवढी जाड, धुऊन स्वच्छ झालेली. त्यांना धरायला माती उरलेली नसते. झाड अजून हिरवं असतं, वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. दोनेक वर्षांनी वाऱ्यात ते आडवं होतं, तेव्हा लोक म्हणतात, जुनं झालं होतं.

माती वाहून जाते हे मला नाकबूल नाही. माथेरानची तांबडी माती घोड्यांच्या टापांखाली दळली जाते, उन्हाळ्यात तिची धूळ होते आणि पहिल्या पावसात तिचा लोंढा कड्यावरून खाली जातो. पाण्याचे लाल ओघळ कोणीही पाहिले असतील. पण यावर उपाय माथेरानलाच माहीत आहेत आणि ते जुने आहेत. वाटेला आडव्या जांभ्याच्या पायऱ्या किंवा दगडांच्या ओळी घालायच्या, म्हणजे पाण्याचा वेग ठिकठिकाणी तुटतो. वाटेचा उतार डोंगराच्या आतल्या बाजूला ठेवून तिथे दगडी गटार काढायचं, गटारातलं पाणी थोड्या थोड्या अंतरावर झाडीत सोडायचं. कडेला खचणारी जागा असेल तर जाळीत दगड भरून भिंत उभी करायची. पावसाळ्यानंतर गटारातली माती उपसून पुन्हा वाटेवर पसरायची. यात परदेशी तंत्र नाही, मोठं टेंडर नाही. दगड इथलाच, माती इथलीच आणि हे काम हाताने करणारी माणसंही इथलीच.

मोठं टेंडर नसणं हेच कदाचित मातीच्या वाटेच्या विरोधात जातं. ब्लॉकचं काम एकदा होतं, उद्घाटन होतं, फलक लागतो. मातीच्या वाटेचं काम दर ऑक्टोबरला नव्याने करावं लागतं आणि त्याचं उद्घाटन कोणी करत नाही.

आता त्या वाटेवर चालू या, कारण जे वाचवायचं ते डोळ्यांसमोर असावं. अलेक्झांडर आणि रामबाग हे पूर्वेच्या अंगाचे पॉइंट. समोर गार्बटचं पठार, खाली उल्हास नदीचं खोरं, लांबवर खंडाळ्याच्या घाटाकडची रांग. रामबागकडे वाट जंगलातून उतरते तेव्हा भर दुपारीही सावली दाट असते. अंजनीची पानं जाड, चकचकीत. उन्हाळ्यात तिला निळसर-जांभळी फुलं येतात, ती थेट खोडाला आणि फांद्यांना चिकटलेली असतात. जांभूळ, हिरडा, पिसा, आंबा हे तिचे सोबती. शेकरू इथे आहे. शांत उभं राहिलं तर फांदीवरून लांब झुपकेदार शेपूट हललेली दिसते. पावसाच्या तोंडावर पहाटे शीळकरी कस्तूर गातो. त्याचं गाणं ऐकून पहिल्यांदा आलेला माणूस कोण शीळ घालतंय म्हणून मागे वळून पाहतो.

चौक पॉइंट हे दक्षिणेचं टोक. तिथून वन ट्री हिलकडे वळलं की दृश्य बदलतं. खाली मोरबे धरणाचा जलाशय पसरलेला असतो. नवी मुंबईच्या नळाला येणारं पाणी ते हेच. माथेरानच्या दक्षिणेच्या उतारांवर पडलेला पाऊसही त्याच बाजूला उतरतो. नेरूळ-वाशीत राहणाऱ्यांनी या टोकावर एकदा तरी उभं राहून आपलं पाणी कुठून येतं ते पाहावं.

वन ट्री हिलच्या बाजूने खाली उतरणाऱ्या वाटेला शिवाजी लॅडर म्हणतात. चौक गावाकडून आलेली ही जुनी वाट. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्कामाला होता आणि या बाजूने वर आला, रामबागच्या बाजूने उतरला. त्यानंतर पुन्हा आला, घर बांधलं, गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला आणि माथेरान थंड हवेचं ठिकाण झालं. पुस्तकांत याला माथेरानचा शोध म्हणतात. पण मॅलेट ज्या वाटेने चढला ती वाट आधीपासून होती. ठाकर, धनगर, कातकरी ती वापरत होते, आणि आजही खालच्या वाड्यांतली माणसं अशाच वाटांनी दूध, भाजी, रानमेवा डोक्यावर घेऊन वर येतात. बऱ्याच पॉइंटची नावं साहेबांची आहेत, पाऊलवाटा या माणसांच्या आहेत. कडेची वाट राखायची म्हटलं की मला आधी ही माणसं आठवतात, हौशी फिरणारे नंतर. करवंदांच्या दिवसांत रामबागच्या चढावर एखादी मावशी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेली असते. तिला विचारलं, रोज एवढा चढ चढायचा तर त्रास होत नाही का, तर म्हणाली, ‘‘चढाचं काय, पाय सवयीचे हायेत. पावसात दगडावर पाय सरकला तर मात्र खाली थेट.’’ तिच्या पायाला माती धरून ठेवते, गुळगुळीत ब्लॉकवर चढलेलं शेवाळ ठेवत नाही.

वन ट्री हिलवरून समोर इर्शाळगड दिसतो. त्याच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर जुलै 2023 मध्ये रात्री दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. तो डोंगर आणि हा डोंगर यांच्यात एक दरी आहे, पाऊस दोघांवर एकच पडतो. इर्शाळवाडी का गेली याची कारणं तज्ज्ञांनी सांगावीत, मी इथे ती जोडू पाहत नाही. पण या भागात पाणी आणि माती यांचं नातं किती नाजूक आहे हे समजायला वन ट्री हिलवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. माथेराननेही हे भोगलं आहे. 26 जुलै 2005 च्या पावसात नेरळ-माथेरान रेल्वेचा मार्ग इतका उद्ध्वस्त झाला की गाडी 2007 मध्ये सुरू झाली. 2019 च्या पावसाने पुन्हा मार्ग वाहून नेला, तेव्हा नेरळहून येणारी गाडी सुरू व्हायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. ज्या डोंगरावर रेल्वेचे रूळ टिकत नाहीत, तिथे पाण्याचा वेग वाढवणारं कोणतंही काम दहादा विचार करून करावं.

आणि मग शार्लोट लेक. बांध घालून केलेला हा तलाव माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा जुना आधार. काठाला गावाचं ग्रामदैवत पिसरनाथ महादेवाचं देऊळ, झाडीत बुडालेलं. जुलै-ऑगस्टमध्ये तलाव भरला की पाणी बांधावरून ओसंडतं, पायऱ्यापायऱ्यांनी खडकांतून उतरतं आणि सेलियाच्या बाजूला कड्यावरून दरीत पडतं. धबधबा म्हणून लोक जातात तो हाच. गर्दी बांधाजवळ थांबते, पाण्यात बसते, भजी खाते, परत जाते. थोडं पुढे कड्याच्या बाजूला गेलं तर वेगळंच काही पाहायला मिळतं. पश्चिमेचा वारा दरीतून सरळ वर येतो आणि कड्याच्या ओठावरून निघालेलं पाणी पकडतो. जोराचा झोत आला की धार खाली जाता जाता थांबते, वाकते, तिचे तुषार होतात आणि ते तुषार परत वर, आपल्या तोंडावर येतात. वारा पडला की धार पुन्हा खाली. दरी ढगाने भरलेली असल्यामुळे पाणी कुठे पडतं ते दिसत नाही, फक्त खोलातून आवाज येतो. पाच-सात मिनिटांनी ढग बाजूला होतात आणि समोर प्रबळगडाची ओली भिंत, तिच्यावरच्या पांढऱ्या रेघा मोजता येतील इतक्या जवळ.

हे पाहताना आवाज लागतो तो पाण्याचा आणि वाऱ्याचा. पण आता शनिवार-रविवारी बांधाजवळ एकेका घोळक्याकडे एकेक ब्लूटूथ स्पीकर असतो आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. कडेच्या वाटेवर ही साथ पसरायला वेळ लागणार नाही. मला गाण्याचा राग नाही. पण ज्या जागेवर शीळकरी कस्तूर गातो, जिथल्या माणसाला आणि जनावराला शांततेची सवय आहे, तिथे आपली करमणूक कानांतल्या इयरफोनपुरती ठेवावी, एवढी सभ्यता मागायला हरकत नसावी. चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, रेनकोटच्या फाटक्या पिशव्या याबद्दल तर बोलायलाच नको. तलावाच्या काठावर टाकलेली बाटली पुढच्या पावसात बांधावरून धबधब्यात जाते आणि धबधब्यातून खालच्या वाडीच्या ओढ्यात. माकडांना वेफर्स घालणारेही कमी नाहीत. त्या माकडांनी नंतर लहान मुलाच्या हातातली पिशवी हिसकावली की दोष माकडाला.

मोटार न येणं हे माथेरानचं सगळ्यांत मोठं धन आहे, आणि तेही आपोआप राहिलेलं नाही. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली, दोन फुटी रुळांची, साधारण एकवीस किलोमीटरची. त्यानंतर घाटाचा गाडीरस्ता झाला, तरी तो दस्तुरीवर थांबवला गेला. बांधकामांचा, झाडतोडीचा रेटा वाढला तेव्हा बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपसारख्या संस्थांनी आणि काही जिद्दी नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. त्यांच्या श्रमांवर आपण आज चालतो. दस्तुरीला गाडी लावून कुरकुरत चालणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं की त्या गाडीला तिथे थांबवायला कोणीतरी आपली उमेदीची वर्षं दिली आहेत.

माथेरानच्या रहिवाशांची बाजू न मांडता हा लेख लिहिणं अन्यायाचं ठरेल. 2011 च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आत लोकसंख्या असलेलं हे गाव. आजारी माणसाला खाली न्यायचं, शाळेतल्या मुलांनी मैलोन्‌मैल चालायचं, सिलिंडर आणि धान्य घोड्यावर किंवा हातगाडीवर आणायचं, हे सगळं त्यांनी सोसलं आहे. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाने दुसऱ्या माणसाला ओढत चढ चढायचा, हे पाहून मान खाली जात असे. माथेरानच्याच एका निवृत्त शिक्षकाने ई-रिक्षासाठी न्यायालयात लढा दिला. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हे व्हायलाच हवं होतं. मुख्य रस्ता पक्का असावा, त्यावर ई-रिक्षा चालाव्यात, रिक्षा ओढणाऱ्यांनाच त्या मिळाव्यात, रुग्णवाहिका अडू नये. याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण गावाची गरज बाजाररस्त्यावर आहे. लुइझा पॉइंटला शाळा नाही, सेलियाला दवाखाना नाही. कडेच्या वाटेवर ब्लॉक टाकून ई-रिक्षा एको पॉइंटपर्यंत नेली, तर सोय रहिवाशाची होत नाही, चालायला नको असलेल्या पर्यटकाची होते. आणि त्या पर्यटकाला न चालता कडा पाहायचा असेल तर महाराष्ट्रात गाडीने जाता येणारे घाटमाथे थोडे नाहीत. हा कडा मात्र चालल्याशिवाय दिसत नाही, तो तसाच राहावा. रोपवेची चर्चाही वर्षानुवर्षं चालू आहे. तो कधी आलाच तर वर येणाऱ्यांची संख्या एकदम वाढेल आणि सगळा भार आधी या वाटेवर पडेल. म्हणून वाटेचे नियम आत्ताच पक्के व्हायला हवेत.

घोडेवाल्यांचं म्हणणं तर मला सगळ्यांत जास्त पटतं. ब्लॉकवर घोड्याची लोखंडी नाल धरत नाही. पावसाळ्यात शेवाळ चढलं की चढावर जनावराचे मागचे पाय फरफटतात, ठिणगी उडाल्यासारखा नालेचा आवाज येतो, गुडघा टेकतो आणि वरचा माणूस मानेवर आदळतो. एका घोडेवाल्या काकांनी मला त्यांच्या घोडीचा गुडघा दाखवला होता, केस जाऊन कातडी गुलाबी झालेली. ‘‘मातीवर ही कधी पडली नाही,’’ ते म्हणाले, ‘‘माती तिला आपली वाटते.’’ घोड्यांमुळे माती दळली जाते हेही खरं, म्हणून घोड्यांसाठी ठरलेले मार्ग आणि चालणाऱ्यांची कडेची वाट वेगळी ठेवणं दोघांच्याही हिताचं आहे. घोडेवाल्यांशी बसून ठरवलं तर ते होईल. वरून लादलं तर नाही.

हुतात्मा भाई कोतवाल या गावात जन्मले. 1942 च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून त्यांनी कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत ब्रिटिशांशी झुंज घेतली आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात देह ठेवला. त्यांचं नाव माथेरानमध्ये आदराने घेतलं जातं. ज्या गावाने असा माणूस दिला त्या गावाला आपल्या डोंगराची राखण कशी करायची हे बाहेरच्यांनी शिकवायची गरज नाही. बाहेरच्यांनी साथ द्यायची आहे, आणि आपल्या मागण्या आवरायच्या आहेत.

तर कोणी काय करायचं ते थेट सांगते.

नगरपरिषदेने पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या प्रवासी करातला ठरावीक वाटा दरवर्षी कडेच्या वाटेच्या मातीकामासाठी राखून ठेवावा, आणि तो त्याच कामावर खर्च झाला हे जाहीर करावं. हे काम कंत्राटदाराला न देता इथल्या आणि खालच्या वाड्यांतल्या लोकांना रोजंदारीवर द्यावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माती परत घालणं, मे महिन्यात गटारं मोकळी करणं, एवढं वेळापत्रक ठरलं तरी निम्मं काम होईल. वन विभागाने रामबाग ते लुइझा या पट्ट्यात नवं पक्कं बांधकाम नको, नवे स्टॉल नकोत, हे लेखी ठरवावं. कठडे लागणारच असतील तर दोन-तीन खरोखर धोक्याच्या जागी दगडी लावावेत, सगळा कडा लोखंडाने बांधू नये. या संवेदनशील क्षेत्रावर देखरेख करणाऱ्या सनियंत्रण समितीने पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा ही वाट पायी फिरून पाहावी. गाडीतून किंवा घोड्यावरून नव्हे, पायी.

हॉटेलवाल्यांनी पाहुण्याला पॉइंटची यादी देताना चालण्याचा नकाशा द्यावा आणि बाटलीबंद पाण्याऐवजी पाहुण्याची बाटली भरून द्यावी. ट्रेकिंग संस्था दर पावसाळ्यात माथेरानला शेकडो जणांना घेऊन येतात. त्यांनी एकेका तुकडीची संख्या आवरावी, शनिवार-रविवारची गर्दी मधल्या वारांकडे वळवावी, आणि वर्षातून एक फेरी फक्त चर बुजवायला आणि दगड रचायला आणावी. मुंबई-पुण्यातल्या महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यासाठी सहज तयार होतील, त्यांना कोणी बोलावलं मात्र पाहिजे.

तुम्ही वाचक असाल, अजून ही वाट चाललेला नसाल, तर आधी चाला. नेरळहून सकाळची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर दस्तुरीहून पायी या. खालच्या वाडीतल्या मावशीकडून करवंदं घ्या, घोडेवाल्याशी दोन शब्द बोला, स्पीकर घरी ठेवा, कचरा खिशात घालून परत न्या. पावसात कड्याच्या ओठावर जाऊ नका, तिथली माती खालून पोकळ असू शकते. वाटेवर नवा ब्लॉक, नवा खांब, नवा चर दिसला तर त्याचा फोटो तारखेसह काढा.

आणि परत आल्यावर एक पत्र लिहा. माथेरान नगरपरिषदेचे मुख्याधिकारी आणि रायगडचे जिल्हाधिकारी यांना, साध्या मराठीत. त्यात एवढंच मागा: सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितल्याप्रमाणे आतल्या रस्त्यांवर आणि ट्रेकिंगच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवू नयेत, कडेच्या वाटेची दरवर्षी मातीने आणि जांभ्याने दुरुस्ती करावी, आणि त्यासाठी या वर्षी किती पैसे ठेवले ते कळवावं. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराखाली विचारा. येत्या पावसाळ्याआधी अशी पाचशे पत्रं गेली तर त्यांची दखल घ्यावीच लागेल. पहिलं पत्र मी पाठवलं आहे. दुसरं तुमचं असू द्या.